खरी नक्कल

मराठीत काही शब्दांची लग्नं कुणी जमवली असतील याचं मला नेहमी नवल वाटतं. पत्रिका जुळत नाही, गोत्र जुळत नाही, स्वभाव तर मुळीच जुळत नाही. तरी संसार मात्र सुखाचा चाललेला! ‘खरी नक्कल’ हे त्यातलंच एक जोडपं. नक्कल खरी कशी असेल? आणि खरी असेल तर ती नक्कल कशी? पण हे दोन शब्द रबरी शिक्क्यावर कोरून, जांभळ्या शाईत बुडवून, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात थोडे तिरके हाणले की ते जोडपं सरकारमान्य होतं. वर हिरव्या शाईतली न वाचता येणारी सही पडली की मग ब्रह्मदेवालासुद्धा शंका काढता येत नाही.

मी बी.कॉम. आहे. हे वाक्य मी सहज लिहून गेलो आणि तुम्हीही ते सहज वाचून पुढे गेलात. तुम्ही भली माणसं आहात. आमच्या बँकेला मात्र एका वाक्यावर असा विश्वास ठेवता येत नाही. मध्यंतरी वरून परिपत्रक आलं की, सर्व कर्मचाऱ्यांनी आपलं शैक्षणिक रेकॉर्ड पुन्हा एकदा सादर करावं. मूळ पदवी प्रमाणपत्र दाखवावं, आणि काही कारणाने मूळ प्रत उपलब्ध नसेल तर पूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत द्यावी. बावीस वर्षं मी या बँकेत नोटा मोजतोय. नोटा मोजायला बी.कॉम. लागत नाही हे दोन महिन्यांत कळतं. पण ते कळण्यासाठी आधी बी.कॉम. व्हावं लागतं.

माझी मूळ पदवी सांगलीला होती. नोकरी साताऱ्यात असली तरी घर सांगलीचं, गावभागातलं. आईच्या लेखी महत्त्वाचे कागद ठेवायची जगात एकच जागा, ती म्हणजे तिच्या पलंगाखालची लोखंडी ट्रंक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई गावात शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची, म्हणजे धोका मागे टाकून पाणी बारा फूट पुढे आलं होतं. आईला आम्ही वेळेवर बाहेर काढलं. पलंगाखालची ट्रंक मात्र कुणालाच आठवली नाही. पुढे घर धुताना ती उघडली, तर आत कागदांचा लगदा आणि त्यात माझी पदवी.

अगदीच गेली होती असं नाही. आईने ती दोरीवर टाकून वाळवली, वर इस्त्री फिरवली. विद्यापीठाच्या शिक्क्याचा एक लालसर डाग उरला होता. कुलगुरूंची सही वाहून पार नरसोबाच्या वाडीला गेली असावी. माझ्या नावाच्या जागी निळसर ढग होता. पण ‘द्वितीय श्रेणी’ हे शब्द मात्र जसेच्या तसे शाबूत! महापुराला माझं नाव पुसता आलं, श्रेणी पुसता आली नाही. नियतीचा विनोद याहून नेमका असू शकत नाही.

तरी मी निर्धास्त होतो, कारण साताऱ्याच्या कपाटात एका फायलीत माझ्याकडे पदवीची एक झेरॉक्स होती. २००२ सालची. स्वच्छ, ठळक, नाव-गाव-श्रेणीसकट. कोपऱ्यात जांभळा ‘खरी नक्कल’, खाली हिरवी सही, त्याखाली हुद्द्याचा गोल शिक्का. परिपत्रकाला हवी होती तशीच. फाईल काढली, प्रत हातात घेतली, त्या हिरव्या सहीकडे पाहिलं आणि मी मटकन खाली बसलो.

कारण ती सही मीच केलेली होती.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. तुमच्यातले जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांना फार समजावावं लागणार नाही. उलट काही जण आत्ताच पेपर वर करून, बायको बघत नाही ना याची खात्री करून घेत असतील.

२००२ साली मी नोकरीसाठी अर्ज करायचा धडाका लावला होता. प्रत्येक अर्जाला दहावी, बारावी, तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, पदवी आणि शाळा सोडल्याचा दाखला, अशा सगळ्यांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या. झेरॉक्स एका रुपयात व्हायची, पण तिला ‘खरी’ करायला गॅझेटेड ऑफिसर लागायचा. हा प्राणी सांगलीत भरपूर होता म्हणतात, पण मोरासारखा. दिसायचा तेव्हा पिसारा मिटलेला असायचा.

पहिल्या कचेरीत शिपायाने मला दारातच अडवलं. “सायेब फिरतीवर हाईत.”

“कधी येतील?”

“फिरती सरल्यावर.”

“कधी संपेल?”

“त्ये सायबास्नी ठाव. त्यांनी मला इचारून फिरती काढलीया व्हय?”

दुसऱ्या कचेरीत साहेब जागेवर होते. त्यांनी माझे कागद हातात घेतले, मूळ प्रत आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, “बरोबर आहेत. पण मी तुम्हाला ओळखत नाही.”

“साहेब, मला कशाला ओळखायचं? झेरॉक्स ओळखा की!”

“असं कसं? उद्या काही झालं तर मी कुणाला धरू?”

मी म्हणालो, “माझा पत्ता त्या कागदावरच आहे.” ते म्हणाले, “तो पत्ता खरा कशावरून?” आणि कागद परत केले. त्या वेळी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या कृष्णेच्या घाटावर शिकलेल्या होत्या. आज वाटतं, त्या माणसाने निदान कागद वाचले तरी होते.

तिसऱ्या कचेरीतले साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी फोन न सोडता हाताने खूण केली, गठ्ठा पुढे ओढला आणि बोलता बोलता सह्यांचा असा सपाटा लावला की शिपायाला शिक्का मारायला दम लागला. मूळ प्रतींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरी येऊन गठ्ठा सोडला तर त्यात चुकून आलेला आईच्या भिशीच्या हिशेबाचा कागदही ‘खरी नक्कल’ झालेला! त्यात मालूमावशींच्या नावावर शंभर रुपये बाकी दाखवले होते. आईने तो कागद पुढच्या भिशीला नेला. मावशींनी हिरवी शाई पाहून निमूट पैसे काढून दिले.

ओळखत नाही म्हणून खऱ्या कागदावर सही न करणारा माणूस अधिक नीतिमान, की कुणालाही न पाहता सगळ्यांवर सही करणारा? पहिला नियमाने वागला आणि त्याचा कुणाला उपयोग झाला नाही. दुसऱ्याने नियम गुंडाळून ठेवला आणि पंचवीस पोरांची कामं झाली. त्या पंचवीसांत एखादं पोर माझ्यासारखं नसेलच असं नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या गल्लीत एक विशेष कार्यकारी अधिकारीही होते. घरापेक्षा पाटी मोठी. त्यांच्याकडे जायचं म्हणजे आधी त्यांची नेमणूक कशी झाली ती कथा ऐकायची, मग चहा, मग ‘शाई वाळलीय, उद्या ये’. शिवाय पुष्कळ अर्जांत ‘राजपत्रितच’ असा हट्ट असायचा.

तर या सगळ्यावर उपाय काढला आमच्या एका वर्गमित्राने. त्याला आम्ही शिक्केपंडित म्हणत असू. तो म्हणाला, “लेका, कागद खरा आहे ना? पदवी तू स्वतः मिळवलीस ना? मग साक्षीला कोण उभा आहे याच्याशी सत्याला काय करायचंय?” पुढच्या आठवड्यात त्याने परगावाहून दोन शिक्के करून आणले. एक ‘खरी नक्कल’ आणि दुसरा एका अधिकाऱ्याचा. हा अधिकारी भूतलावर कुठेच नव्हता. नाव आम्ही दोघांनी मिळून ठेवलं होतं. बारसं सांगलीच्या भडंगावर झालं. खातं असं निवडलं की ज्याचं नेमकं काम काय ते त्या खात्यालाही सांगता येऊ नये. हिरव्या शाईचं पेन आलं. सही माझी सुबक म्हणून ते काम माझ्याकडे. त्या वर्षभरात आमच्या या साहेबांनी निम्म्या वर्गाच्या प्रती साक्षांकित केल्या. कधी फिरतीवर गेले नाहीत, कधी ‘ओळखत नाही’ म्हणाले नाहीत. इतका लोकाभिमुख अधिकारी सांगली जिल्ह्याला पुन्हा लाभला नसेल!

एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षाने पाळली. खोट्या कागदावर कधी सही केली नाही. प्रत्येक प्रत मुळाशी ताडून पाहायचो. एकाने गुणपत्रकात चौतीसचे चोपन्न करून आणले, तेव्हा शिक्केपंडित त्याच्यावर इतका भडकला की त्याला हाताला धरून बाहेर काढला. “आमचे साहेब असल्या कामाला हात लावत नाहीत,” म्हणाला. चोराच्या घरातलं हे सोवळं आज आठवलं की हसू येतं. पण खरं सांगायचं तर आम्ही खोटे अधिकारी खऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त तपासून सही करत होतो.

बी.कॉम.ला आम्हाला ऑडिटिंग होतं. त्यात किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ सालचा इंग्लंडमधला खटला होता. गिरणीचा मॅनेजर शिल्लक मालाचा फुगवलेला दाखला दरसाल द्यायचा, आणि ऑडिटर त्या दाखल्यावर विसंबून ताळेबंद पास करायचे. पुढे सगळं बाहेर आलं. कोर्टाने ऑडिटरला सोडलं. तो राखणीचा कुत्रा आहे, माग काढत फिरणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं न्यायमूर्ती म्हणाले. संशयाला जागा नसेल तर जबाबदार माणसाच्या दाखल्यावर विश्वास ठेवावा, असा त्याचा मथितार्थ. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी त्यावर चांगली दोन पानं लिहिली होती. द्वितीय श्रेणीत त्या दोन पानांचा वाटा मोठा आहे.

साताऱ्याला आल्यावर नगरवाचनालयात एका निवृत्त संस्कृतच्या मास्तरांशी ओळख झाली. मी त्यांना गमतीने विचारलं, “सर, साक्षांकनाबद्दल आपल्या शास्त्रात काही आहे का?” मास्तर खूश झाले, त्यांना बरेच दिवसांत कुणी काही विचारलं नसावं. म्हणाले, न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आणि आप्त म्हणजे ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो असा माणूस.

“म्हणजे गॅझेटेड ऑफिसर?” मी विचारलं.

“हुद्दा कुठेच नाही हो त्यात,” मास्तर म्हणाले. “वात्स्यायन तर म्हणतो, तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. त्याला माहीत हवं आणि त्याने खरं बोलायला हवं, बस्स.” मग पुढे त्यांनी नागार्जुनाचं काढलं. प्रमाणांनी जग सिद्ध करता, पण प्रमाणं कशाने सिद्ध करणार? दुसऱ्या प्रमाणांनी? मग त्या दुसऱ्यांचं काय? याला अनवस्था म्हणतात म्हणाले. मी म्हणालो, “सर, याला आमच्यात योग्य मार्गाने अर्ज पाठवणं म्हणतात.”

आणि खरोखरच ही अनवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा परदेशी नोकरीला निघाला तेव्हा त्याच्या पदवीला एक अपॉस्टील नावाचा कागद जोडावा लागला. नाव ऐकून मला वाटलं, पित्तावरची गोळी असेल. पण तो १९६१ सालच्या हेगच्या करारातला दाखला आहे. भारतात तो २००५ पासून लागू झाला. आधी पदवी विद्यापीठाकडून तपासून घ्यायची, मग राज्य सरकारच्या खात्याची सही, मग परराष्ट्र मंत्रालय. गंमत अशी की, पदवी खरी आहे असं तो अपॉस्टील म्हणतच नाही! ज्याने खाली सही केली त्याची सही खरी आहे आणि त्याला सही करायचा अधिकार आहे, एवढंच तो म्हणतो. पोराला अकाउंट्स येतं की नाही याबद्दल त्या सगळ्या साखळीत कुणी अवाक्षर काढलेलं नसतं.

साताऱ्याला तर याची जुनी सवय आहे. कारभार सगळा पुण्याहून चालायचा, पण पेशवा कोण हे साताऱ्याच्या छत्रपतींनी वस्त्रं दिल्याशिवाय ठरत नसे. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. मोर्तब झालं की त्याखाली कुणाला एक अक्षर वाढवता यायचं नाही. झेरॉक्सवाल्यांना हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

आणि शिक्के बदलतात म्हणावं, तर आमच्या दोन्ही गावांनी तेही पाहिलं. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची, सांगलीची सांगली बँक त्याहून जुनी, १९१६ ची. २००६ च्या ऑक्टोबरात पहिली आयडीबीआयमध्ये गेली आणि २००७ च्या एप्रिलात दुसरी आयसीआयसीआयमध्ये. पासबुकावरचं नाव बदललं, शिक्का बदलला. तरी जुने खातेदार काउंटरवर येऊन आधी शिक्का पाहत नाहीत. आत ओळखीचा चेहरा आहे का ते पाहतात.

मी स्वतः काउंटरच्या आतला चेहरा आहे. माझ्यापाशी ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिले’ असा शिक्का आहे आणि तो मी दिवसातून वीसदा मारतो. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेतो. जिवंत माणसाला समोर बसवून तो जिवंत असल्याचं लिहून घेणं हे काम मला पहिल्या वर्षी फार विनोदी वाटलं होतं. कोरेगावकडचे एक निवृत्त शिक्षक एकदा म्हणाले, “गेल्या नोव्हेंबरात मी जिवंत आहे हे तुम्ही मान्य केलंय. मध्यंतरी मेलो असेन तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर!” आता २०१४ पासून यंत्रावर बोट ठेवूनही तो दाखला देता येतो, पण जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत, आणि आजीबाई यंत्राकडे पाहून मला विचारतात, “मग आता मी हाय का न्हाई?”

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र नेता येत नाही, आणि त्या हिरव्या सहीपाशी मी मटकन बसलो तो त्या गोष्टीमुळे.

२००९ साल असेल. माण तालुक्याकडचा एक मुलगा शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन आला होता. पायात चपला, अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. कागद तपासायचं काम माझ्याकडे होतं. गुणपत्रकाच्या प्रतीवरचा शिक्का मी पाहिला आणि एका क्षणात ओळखला. तो घरगुती होता. रबराची कड वेडीवाकडी, ‘महाराष्ट्र’मध्ये काना खाल्लेला, आणि सही जरा जास्तच सुबक. खरा अधिकारी इतकी वाचता येणारी सही कधी करत नाही. हे ज्ञान मला कुठल्या विद्यापीठाने दिलं होतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी त्याला विचारलं, “मूळ कुठे आहेत?”

“कॉलेजात जमा केल्यात सर. प्रवेशाला.”

“आणि ही सही कुणाची?”

पोराचा चेहरा पडला. तो काहीच बोलला नाही. मी मात्र बोललो. बऱ्यापैकी बोललो. रांगेतल्या चार माणसांना ऐकू जाईल इतकं. प्रामाणिकपणा, आयुष्याची सुरुवात, बँकेचा विश्वास वगैरे. शेवटी म्हणालो, “उद्या खरी सही घेऊन ये.” त्याने कागद पिशवीत घातले, पिशवीची गाठ मारली आणि गेला. गुण चांगले होते त्याचे, हेही मी पाहिलं होतं.

तो पुन्हा आला नाही. कुणी दुसऱ्या बँकेने दिलं असेल, नातेवाइकांनी दिलं असेल, मुलगा आज चांगल्या नोकरीवर असेल. असेल. मी नियमाप्रमाणेच वागलो होतो. तसा कागद मी आजही घेणार नाही. पण ‘मूळ कॉलेजात आहेत ना, मग मी कॉलेजला फोन करतो’ हे वाक्य त्या दिवशी मला सुचलं नाही, आणि भाषण मात्र सुचलं. घरी येऊन मी हा प्रसंग बायकोला जरा फुशारकीनेच सांगितला होता. तोंड धुताना एकदम ते हिरवं पेन आठवलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. मग विसरलो. विसरता येतं.

तर आता ती प्रत घेऊन मी बसलो होतो. बायकोने विचारलं, “काय झालं हो?” मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “अहो, पदवी खरी ना?”

“खरी.”

“कागद त्या पदवीसारखा ना?”

“हुबेहूब.”

“मग द्या की देऊन. तो साहेब काय उठून यायचाय?”

यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. जो माणूस जन्मालाच आला नाही त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही. उलटतपासणीची भीती नाही. शिवाय मी खोटं काय सांगणार होतो? मी बी.कॉम. आहे हे खरं. द्वितीय श्रेणी हे तर महापुरानेसुद्धा साक्षांकित केलं होतं. सत्याला खोटा साक्षीदार उभा केला तर सत्य खोटं होतं का? होत नाही. मग खोटं काय होतं? मी हा प्रश्न दोन दिवस काउंटरवर बसून चघळला आणि त्या नादात एका बाईंना पाचशे रुपये जास्त दिले. त्यांनी ते परत आणून दिले. कसला दाखला न मागता.

रविवारी सांगलीला गेलो. कराड, पेठ नाका, आष्टा करत एसटीत चार तास विचार केला आणि उतरल्या उतरल्या शिक्केपंडिताला गाठलं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हा गृहस्थ पुढे स्पर्धा परीक्षा देऊन, २०१२ साली रीतसर वर्ग दोनचा राजपत्रित अधिकारी झाला! खरा शिक्का, खरी हिरवी शाई. आणि तीनच वर्षांत त्याचं नशीब फिरलं. केंद्राने आधी टुमणं लावलं होतंच. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनानेही ठरवलं की, कायद्याने आवश्यक असेल तेवढं सोडून बाकी ठिकाणी साक्षांकित प्रत नको, स्वयंसाक्षांकित चालेल. म्हणजे ज्याचा कागद त्यानेच त्यावर सही करायची. “आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो अधिकार मिळाला आणि सरकारने तो सगळ्या जनतेला वाटून टाकला,” तो म्हणाला. त्याचं हिरवं पेन टेबलावर होतं, पण आतली शाई वाळली होती.

मी प्रत पुढे केली. त्याने आमच्या साहेबांची सही पाहिली आणि इतका हसला की वहिनी आतून बाहेर आल्या. मग म्हणाला, “टाक इकडे. शेजारी मी सही करतो. आता खरी.”

“मूळ प्रत वाचता येत नाही. कशाशी ताडून पाहणार?”

“मी तुझ्यासमोर परीक्षेला बसलो होतो की! तुझा निकाल मी बोर्डावर पाहिलाय. माझ्याइतकं प्रत्यक्ष कुणाला ठाऊक आहे?”

संस्कृतचे मास्तर असते तर म्हणाले असते, हा खरा आप्त. मी विचारलं, “ती तीन वर्षं तू सह्या करत होतास तेव्हा कधी कुणाला परत पाठवलंस?”

“ओळखत नाही म्हणून? एकालाही नाही. रविवारीसुद्धा दारात पोरं यायची. मूळ बघायचो, सही करायचो. एकाकडे मूळ नव्हती. त्याच्या शाळेत फोन लावला, हेडमास्तरांना विचारलं आणि केली सही. फोनला दहा मिनिटं गेली.” मग थांबून म्हणाला, “आपण काय हिंडलो होतो रे त्या सह्यांसाठी!”

मी त्याला माणच्या मुलाचं सांगितलं. तो हसला नाही. चहाचा कप बशीत फिरवत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तू ओळखलंस कसं तो शिक्का घरगुती ते?” आणि लगेच, “राहू दे. कळलं.”

त्याची सही मी घेतली नाही. ती जुनी प्रतही दिली नाही. इस्त्री केलेला तो ढगाळ कागद घेऊन कोल्हापूरला गेलो. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. त्यामुळे सातारा-सांगलीच्या आम्हा मंडळींचं सगळं खरंखोटं तिथल्या दप्तरात आहे. अर्ज भरला, फी भरली, खराब झालेली मूळ प्रत जमा केली. खिडकीतल्या बाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “श्रेणी छान राहिलीय हो.” यथावकाश नवीन पदवी हातात आली. तिच्यावर ‘डुप्लिकेट’ असं छापलेलं आहे. म्हणजे आता माझी मूळ प्रत हीच मुळात नक्कल आहे. पण खरी.

ती घेऊन शाखेतल्या आमच्या तरुण साहेबांकडे गेलो. नव्या दमाचा मुलगा, मला काका म्हणतो. त्याने मूळ पाहिली, झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढे सरकवली. “काका, यावर स्वतःच सही करा. सेल्फ अटेस्टेड लिहा आणि नाव घाला.”

मी खिशातलं पेन काढलं. निळं होतं. बावीस वर्षांत या बँकेत मी लाखभर सह्या केल्या असतील. कधी विचार करावा लागला नाही. त्या कोपऱ्यात, जिथे एकेकाळी आमचे साहेब बसायचे, तिथे पेन टेकवलं आणि हात अडखळला. कशीबशी सही उमटवली, खाली नाव लिहिलं. साहेबांनी सवयीने कॉम्प्युटरवर माझी नमुना सही उघडली, एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

“काका,” तो संकोचत म्हणाला, “सही जुळत नाहीये. पुन्हा करता का?”